फर्म्यावर चढलेलं चामडं

पायातला चामडी बूट काढून त्याचं पुढचं टोक नीट पाहा. वरचं चामडं बोटांवरून गोल वळून खाली जातं आणि सोलच्या आत दिसेनासं होतं. वर एकही सुरकुती नसते. सपाट चामड्याला असा गोल आकार द्यायचा तर कडेला चुण्या पडणारच. मोदकाच्या कळ्या वर एकत्र येतात, बुटाच्या चुण्या मात्र खाली, फर्म्याच्या तळाशी गोळा कराव्या लागतात. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा. कारागीर पकडीने चामड्याची कड त्यावर ओढून घेतो, अंगठ्याने चुणी दाबतो, बारीक खिळा ठोकतो आणि पुढची चुणी धरतो. टाच आणि चवडा ही सगळ्यांत अवघड ठिकाणं. ताण जास्त झाला तर चामडं फाटतं, कमी पडला तर बुटाचा आकार बिघडतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं लिन शहर एकोणिसाव्या शतकात बुटांवरच जगत होतं. चामडं शिवायला यंत्र आलं, सोल शिवायला मॅकेचं यंत्र आलं, पण फर्म्यापाशी येऊन सगळं अडायचं. हाताचा चांगला कारागीर दहा तासांत पन्नासएक जोड चढवायचा आणि अख्ख्या कारखान्याचा वेग त्याच्या बोटांवर ठरायचा. साहजिकच या कारागिरांना मजुरी चांगली मिळे, त्यांची एकी भक्कम होती आणि आपलं काम यंत्राला कधीच जमणार नाही याची त्यांना खात्री होती. ती खात्री पोकळ नव्हती. भरपूर पैसा ओतून अनेकांनी हात टेकले होते.

1877 मध्ये या गावात यान मॅटझेलिगर कामाच्या शोधात आला. जन्म 15 सप्टेंबर 1852, पारामारिबोचा. त्या वेळचं डच गयाना म्हणजे आजचा सुरिनाम. हा देश आपल्याला माहीत असतो तो 1873 पासून तिथे गेलेल्या गिरमिटिया मजुरांमुळे. ते पोचण्याआधीच यान बाहेर पडला होता. वडील डच अभियंता, आई आफ्रिकन वंशाची. दहाव्या वर्षापासून तो यंत्रशाळेत राबू लागला. हेच त्याचं शिक्षण. एकोणिसाव्या वर्षी जहाजावर चढला आणि पुढे फिलाडेल्फियात उतरला. भाषा डच, इंग्रजी जेमतेम, रंग काळा. लिनमध्ये हार्नी ब्रदर्सच्या कारखान्यात त्याला मॅकेचं यंत्र चालवायला मिळालं. दिवसा काम, रात्री इंग्रजीचे धडे, आणि जुन्या बाजारातून घेतलेली भौतिकशास्त्राची, यंत्रशास्त्राची पुस्तकं. यंत्राचे आराखडे काढायलाही तो स्वतःच शिकला.

माझ्या मते त्याचं खरं मोठेपण इथे आहे: आधीच्या लोकांनी यंत्राचा विचार केला, यानने हातांचा केला. कारागिरांची बोटं नेमकी काय करतात, कड कुठे धरतात, कोणत्या क्षणी वळवतात, हे तो कारखान्यात बघत राहिला. मग भाड्याच्या खोलीत लाकडाचे तुकडे, तारा आणि सिगारच्या खोक्यांतून त्याने पहिला नमुना उभा केला. त्याला पन्नास डॉलर देऊ करण्यात आले. त्याने नकार दिला. भंगारातल्या लोखंडाचा दुसरा नमुना पाहून दीड हजार डॉलरची बोली आली. तीही त्याने नाकारली. त्या काळात तो मक्याच्या पिठाच्या लापशीवर दिवस काढत होता, हे लक्षात घेतलं की त्या नकाराचं वजन कळतं.

शेवटी भांडवलासाठी निकोल्स आणि डेल्नो या दोघांशी करार झाला आणि संभाव्य नफ्याचे दोन-तृतीयांश त्यांच्याकडे गेले. पेटंटचे आराखडे इतके गुंतागुंतीचे होते की पेटंट कार्यालयाने खात्री करून घ्यायला आपला माणूस लिनला धाडला. 20 मार्च 1883 रोजी 274,207 क्रमांकाचं पेटंट मिळालं. यंत्र फर्मा धरून ठेवी, पकड चामड्याची कड ओढी, चुणी वळवी, खिळा जागेवर येई, हातोडा तो ठोकी आणि फर्मा पुढच्या चुणीसाठी सरके. 29 मे 1885 च्या कारखान्यातल्या चाचणीत त्याने बायकांच्या बुटांचे 75 जोड बिनचूक चढवले. पुढे हीच यंत्रं दिवसाला दीडशे ते सातशे जोडांपर्यंत पोचली. बूट स्वस्त झाले, गरिबांच्या पायात आले. हातकारागिरांची मक्तेदारी मोडली, आणि त्यातल्या अनेकांच्या पोटावर पाय आला हेही तितकंच खरं.

लिनमधल्या कॅथलिक, एपिस्कोपल आणि युनिटेरियन चर्चनी त्याला रंगामुळे दार बंद केलं. नॉर्थ काँग्रिगेशनल चर्चच्या तरुण मंडळाने मात्र त्याला आपलं म्हटलं. तिथे तो मुलांना शिकवायचा, फावल्या वेळात तैलचित्रं काढायचा. पेटंटचे हक्क त्याने ही यंत्रं बनवणाऱ्या कंपनीला दिले, मोबदल्यात तिचे शेअर घेतले.

1886 च्या उन्हाळ्यात सर्दीचं निमित्त झालं आणि त्यातून क्षयाने धरलं. अंथरुणावर असतानाही तो नव्या यंत्रांचे आराखडे काढत होता. 24 ऑगस्ट 1889 ला, सदतीस पूर्ण व्हायला काही आठवडे असताना, तो गेला. शेअरांतला वाटा त्याने त्याच चर्चच्या नावे केला होता आणि पुढे त्यातून चर्चचं कर्ज फिटलं. त्याच्या पाच पेटंटांपैकी चार त्याच्या मृत्यूनंतर मंजूर झाली, शेवटचं 22 सप्टेंबर 1891 ला.

ज्या कंपनीकडे त्याचं यंत्र होतं, तिच्यामागच्या सिडनी विन्स्लोने 1899 मध्ये अनेक कंपन्या एकत्र करून युनायटेड शू मशिनरी उभारली. अमेरिकेतल्या बूट-यंत्रांच्या धंद्यावर तिने कित्येक दशकं राज्य केलं. मॅटझेलिगरच्या वाट्याला 1991 मध्ये 29 सेंटचं एक टपाल तिकीट आलं. हा हिशेब मला पटत नाही. बूटनिर्मितीच्या इतिहासात या माणसाचं नाव पहिल्या पानावर असलं पाहिजे.