पाणी तर स्वच्छ होतं!

रविवारी टँक रिकामा करायचा, तळाची खडी बादलीत चोळून काढायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळायचा, काचा लखलखीत करून नवं पाणी भरायचं. आणि मंगळवार-बुधवारपासून मासे एकेक करून उलटे तरंगताना सापडायचे. घरी मासे पाळणाऱ्यांना हा क्रम चांगलाच ओळखीचा असतो, आणि त्यावरचं निदानही ठरलेलं असतं: टँकमध्ये रोग शिरला. मग दुकानातून निळ्या औषधाची बाटली येते, थेंब मोजून टाकले जातात आणि उरलेले मासेही जातात. घरच्या टँकमधल्या अचानक मृत्यूचा तपास रोगजंतूंपासून नव्हे, पाण्यापासून सुरू व्हायला हवा. औषधाकडे आधी धावल्यानं बरेचदा नुकसान थांबत नाही, वाढतं.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात त्याच्या शरीरातला अमोनिया उतरतो, तोही मुख्यतः कल्ल्यांवाटे. तळ्यात तो पातळ होऊन जातो. दोन फुटांच्या काचेच्या पेटीत त्याला जायला जागाच नसते. तिथं मासे जगतात ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंच्या जोरावर: काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं बऱ्याच कमी घातक नायट्रेट. हे दुसरं काम नायट्रोबॅक्टर करतो असं अनेक वर्षं मानलं जात होतं. 1998 मध्ये टिमथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते नायट्रोस्पायराच्या कुळातले जीवाणू करतात असं दाखवलं. ही मंडळी पाण्यात फारशी तरंगत नाहीत, ती स्पंजवर आणि खडीवर चिकटून राहतात. त्यांची वसाहत जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे रविवारच्या त्या साफसफाईत घाण म्हणून धुऊन टाकलं ते टँकचं मलशुद्धी केंद्रच, आणि जे उरलं असेल ते नळातल्या क्लोरिननं मारलं. टँक, खडी आणि डझनभर मासे एकाच संध्याकाळी घरी आणणाऱ्याची गत याहून वेगळी नसते. त्याच्याकडे तर हे केंद्र उभंच राहिलेलं नसतं.

‘पण पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं’ हा यावरचा पहिला आक्षेप. अमोनियाला रंग नसतो, आणि मासा मरायला पुरतो एवढ्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही. शिवाय त्याचा विषारीपणा पाण्याच्या पीएचवर, म्हणजे सामूवर, फार अवलंबून असतो. 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो, जवळजवळ दहापट. आता महिनोन्‌महिने पाणी न बदललेला टँक घ्या. त्यातलं पाणी हळूहळू आम्ल होत गेलेलं असतं, त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. एका दिवशी मालकाला जाग येते, तो अर्ध्याहून जास्त पाणी बदलतो, नळाच्या पाण्यानं सामू वर चढतो आणि तोवर निपचित असलेला अमोनिया काही तासांत विष होतो. स्वच्छता केली म्हणून मासे मेले, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण रसायनशास्त्र तेच सांगतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पाणीच खराब असेल तर एकच मासा का मेला, बाकीचे ठणठणीत कसे? कारण बाकीचे त्या पाण्याला आठवड्या-आठवड्यानं सरावलेले असतात आणि काल आणलेला नवा मासा एकदम त्यात पडलेला असतो. जात, वय, आकार यांनीही सहनशक्ती बदलते. नायट्राइट वाढलं की माशाचं रक्त तपकिरी पडून प्राणवायू वाहून नेईनासं होतं. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात. दुकानदार अशा वेळी चिमूटभर खडेमीठ टाकायला सांगतात. त्यानं जंतू मरतात हे त्यांचं स्पष्टीकरण लंगडं असलं, तरी मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरायला अडवतो, म्हणून उपाय मात्र लागू पडतो. उन्हाळ्यात आणखी एक भर पडते. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात. त्यातच दुपारभर वीज गेली की एअर पंप बंद, फिल्टर बंद.

रोग नसतातच असं मात्र नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा ‘इक’ हा परजीवीनं होणारा खराखुरा रोग आहे आणि त्याला औषध लागतं. पण अंगावर ठिपका दिसतो तेव्हा परजीवी कातडीखाली सुरक्षित असतो. तो गळून तळाशी जातो, तिथं त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि ती नवा मासा शोधत पोहत असतात तेवढ्याच काळात औषध त्यांना मारू शकतं. ठिपके गेले म्हणून औषध थांबवलं की आठवड्याभरात ते परततात. निळं औषध, म्हणजे मेथिलिन ब्लू, मुख्य टँकमध्ये ओतलं तर फिल्टरमधल्या जीवाणूंनाही धोका. म्हणून आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढून उपचार करणं बरं. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळा ठेवला तर बहुतेक परजीवी दारातच अडतात. अंग फुगून खवले उभे राहिले असतील तर मूत्रपिंडं निकामी झालेली असण्याची शक्यता मोठी, आणि तिथून मासा क्वचितच वाचतो. अशा वेळी लवंगेच्या तेलानं गुंगी देऊन त्याला शांत मरण देता येतं. जिवंत मासा संडासात सोडणं हा क्रूरपणा आहे. नदीत सोडणं त्याहून वाईट: टँकमधून सुटलेल्या सकर माशानं देशातल्या अनेक नद्या-तलावांत ठाण मांडलं आहे.

व्यवहारी माणूस म्हणेल, मासा स्वस्त, चाचणीचा किट महाग; मेला तर दुसरा आणू. गोल्डफिश चार-सहा महिनेच जगतो अशी समजूत या हिशेबामागे असते. ब्रिटनमधल्या जत्रेत 1956 साली बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश 43 वर्षं जगून 1999 मध्ये मेला. तो अपवाद खरा, पण नीट सांभाळला तर हा मासा दहा वर्षं सहज काढतो. शिवाय मेलेल्या माशाच्या जागी दुसऱ्याच दिवशी नवा आणून सोडला की त्याच पाण्यात तेच घडतं, आणि घरातल्या मुलाला आठवड्यात दोनदा रडावं लागतं. मूल विचारतं, का मेला? ‘देवाघरी गेला’ म्हणून विषय मिटवण्यापेक्षा त्याच्यासोबत चाचणीच्या नळीत पाणी घेऊन रंग बघावा. सात-आठ वर्षांच्या मुलाला तो रंग किटमधल्या तक्त्याशी व्यवस्थित जुळवता येतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत टँकमध्ये नवा मासा आणू नये. तोवर रिकाम्या टँकचा फिल्टर चालूच ठेवावा आणि अधूनमधून त्यात चिमूटभर खाद्य टाकावं, म्हणजे उरलेले जीवाणू उपाशी मरणार नाहीत.