तुरुंग नाही, थेट गल्ल्यावर हात. अच्युतरावांचा ‘संदेश’ बंद कसा पडला?

वडगाव निंबाळकरमध्ये बसून आज कुठल्याही युद्धाची बातमी मिनिटात मोबाइलवर येते. १९१५ मध्ये तसे नव्हते. पहिले महायुद्ध पेटले होते, पुण्याच्या नावाची सहावी ‘पूना डिव्हिजन’ मेसोपोटेमियात लढत होती आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. पण टिळकांचा ‘केसरी’ आठवड्याला निघायचा. पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ १९०४ पासून दैनिक होता खरा, मात्र ते नेमस्तांचे पत्र; भाषा सोवळी.

नेमकी ही जागा अच्युतराव कोल्हटकरांनी हेरली. मूळचे वाईचे, नागपूरच्या ‘देशसेवक’चे संपादक असताना राजद्रोहाच्या आरोपात तुरुंगवास भोगलेले. १९१५ मध्ये त्यांनी मुंबईत ‘संदेश’ काढला.

नवे काय होते?

चटकदार मथळे, बोली वळणाची भाषा, युद्धाच्या तारांसोबत नाटकांची चर्चा. ‘वत्सलावहिनींची पत्रे’ हे सदर तर घरोघरी पोहोचले. वर्तमानपत्र वकील-मास्तरांपुरते राहिले नाही. भडक म्हणून नाके मुरडणारेही होते. आजच्या ‘क्लिकबेट’वर होते तशीच ती टीका, आणि थोडी रास्तही.

जामीन म्हणजे काय?

इथे जामीन म्हणजे कोर्टातली सुटका नव्हे. १९१० च्या प्रेस कायद्यानुसार नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपये अनामत घेता येई. जुन्याने ‘आक्षेपार्ह’ छापले तर ५०० ते ५,०००. पुन्हा काही खटकले की रक्कम जप्त. मग नवी अनामत १,००० ते १०,०००. त्यानंतर चूक झाली, तर छापखानाच सरकारजमा. वर्तमानपत्राच्या प्रकाशकालाही अशीच अनामत लागू होती. हे सगळे सरकारच्या हुकमाने होई; हायकोर्टात दाद मागायची ती जप्तीनंतर.

दैनिकाला रोज कागद लागतो, तारांचे पैसे लागतात. एवढी रोकड अडकली की संपादक बाहेर असूनही पत्र उभे राहत नाही. सरकारला खटला चालवण्याचीही गरज उरत नाही. ‘संदेश’कडे जामीन मागितला गेला आणि काही वर्षांतच ते बंद पडले.

कोल्हटकरांनी पुढे आणखी पत्रे काढली, पण तशी गर्दी पुन्हा जमली नाही. १९१० चा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. १९३१ मध्ये अच्युतराव गेले. त्याच वर्षी सरकारने नव्या प्रेस कायद्याने जामिनाची तरतूद परत आणली.