डोळे मिटून ऑर्डर द्या: तुमची वेबसाइट कानाने कशी तपासाल?



वेबसाइट तयार झाली की आपण काय करतो? मोबाइलवर उघडतो, फोटो नीट दिसतात का बघतो, रंग कसा वाटतो ते घरच्यांना विचारतो आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळे होतो. सगळी तपासणी डोळ्यांनी. पण जो ग्राहक तुमची वेबसाइट बघत नाही, ऐकतो, त्याचं काय?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यातल्या सुमारे ५० लाख दृष्टीशी संबंधित अपंगत्व असलेल्या. महाराष्ट्राचा एकूण आकडा २९ लाखांच्या वर. गर्दीच्या बाजारात जाऊन वस्तू शोधणं ज्याला अवघड, त्याला घरबसल्या खरेदीची गरज तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असते. तेव्हा ही समाजसेवा समजू नका. दारात आलेलं गिऱ्हाईक आहे, आणि आपलं दार त्याला उघडत नाहीये.

स्क्रीन रीडर म्हणजे काय?

स्क्रीनवरचा मजकूर, बटणं, लिंक मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. अँड्रॉइडमध्ये 'टॉकबॅक', आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' आधीपासूनच असतं. विंडोज कॉम्प्युटरसाठी 'एनव्हीडीए' फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली. म्हणजे तपासणीसाठी एक रुपयाही खर्च नाही.

हिरवी टिक आली म्हणजे झालं का?

नाही! ऑनलाइन टूलमध्ये पत्ता टाकला की मिनिटात रिपोर्ट येतो. तो जरूर काढा, पण तिथे थांबू नका. २०१७ मध्ये ब्रिटन सरकारच्या डिजिटल विभागाने मुद्दाम अडथळ्यांनी भरलेलं एक वेबपेज बनवलं आणि त्यावर १३ टूल चालवून पाहिली. सर्वांत चांगल्या टूललाही जेमतेम ४० टक्के अडथळे सापडले.

कारण सोपं आहे. फोटोला वर्णन आहे का, एवढंच टूल बघतं. ते वर्णन बरोबर आहे का, हे त्याला कळत नाही. पैठणीच्या फोटोखाली 'फोटो १' लिहिलंत तरी टूल खूश. पण ऐकणाऱ्या ताईंना हवं असतं 'अबोली रंगाची पैठणी, हिरवे काठ, पदरावर मोर'. तेच तुम्ही दुकानात तोंडाने सांगता की नाही?

पायरी १: स्वतः अर्धा तास बसा

मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, तिथे टॉकबॅक. त्याचा शॉर्टकट आधी चालू करून ठेवा, म्हणजे आवाजाची दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद दाबली की टॉकबॅक बंद होईल. आता बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टॅप केलं की बटण दाबलं जातं. डोळे मिटा आणि स्वतःच्याच दुकानातून एक वस्तू मागवा.

मराठी वेबसाइटवर साधारण या अडचणी येतात:

- भाषा चुकीची नोंदवलेली. पान मराठी, पण कोडमध्ये भाषा इंग्रजी. मग मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायचा प्रयत्न होतो. शब्द ओळखू येत नाहीत किंवा गाळलेच जातात. डेव्हलपरला सांगून भाषा 'मराठी' करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.
- दरपत्रक म्हणजे एक फोटो. दिवाळी फराळाचे सगळे भाव एकाच रंगीत चित्रात. ऐकणाऱ्याला फक्त 'इमेज' ऐकू येतं. भाव टाइप करून टाका.
- जुन्या फॉन्टमधली पीडीएफ. युनिकोड नसलेला मजकूर वाचताना नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी होते.
- बिननावाची बटणं. कार्टचं चित्र आहे, नाव नाही. 'बटण, बटण, बटण' एवढंच ऐकू येतं.
- पैसे भरायला फक्त क्यूआर कोड. मोबाइलवर खरेदी करणाऱ्याने तो कशाने स्कॅन करायचा? सोबत यूपीआय आयडी मजकुरात द्या. याचा फायदा सगळ्याच ग्राहकांना होतो.

पायरी २: खऱ्या वापरकर्त्याला बोलवा

पायरी १ महत्त्वाची, पण अपुरी. तुम्ही नवशिके आहात, शिवाय बटण कुठे आहे हे तुम्हाला पाठ आहे. रोज स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती तुम्हाला समजणारही नाही इतक्या वेगाने ऐकते, शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारते. तुमच्या पानावर शीर्षकंच नीट दिलेली नसतील, तर तिला वरपासून खालपर्यंत सगळं ऐकावं लागतं.

अशी माणसं कुठे भेटतील? मुंबईत नॅब आहे, सेंट झेवियर्स कॉलेजचं एक्सआरसीव्हीसी केंद्र आहे, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे. आपल्या जिल्ह्यातल्या दिव्यांग संस्थेतही चौकशी करा. दोन-तीन जण पुरेत. आणि मानधन आधी ठरवा. 'जरा बघून द्या ना' हे चालणार नाही. तो त्यांच्या कौशल्याचा मोबदला आहे.

चाचणीचे नियम साधे आहेत. मोबाइल त्यांचा, सेटिंग त्यांची. काम एकच आणि ठोस द्या: 'अर्धा किलो बेसन लाडू निवडा, पत्ता भरा आणि पैसे भरण्याच्या पानापर्यंत जा.' मग गप्प बसा. हे सगळ्यांत अवघड! 'खाली आहे बघा, निळं बटण' असं सांगितलंत की चाचणी संपली. ते कुठे थांबले, कुठून मागे आले, कुठे वैतागले ते लिहून घ्या. शेवटी एकच प्रश्न विचारा: 'तुम्ही खरंच ग्राहक असता, तर कुठे सोडून गेला असता?' जे उत्तर येईल, ती दुरुस्ती पहिली.

एक अंध ग्राहक म्हणजे सगळे दिव्यांग नव्हेत, हेही लक्षात ठेवा. हात थरथरणाऱ्याला मोठी बटणं लागतात. कमी दिसणाऱ्याला फिकट राखाडी अक्षरं वाचता येत नाहीत. ज्याला ऐकू येत नाही त्याला 'ऑर्डरसाठी कॉल करा' याचा उपयोग नाही. मेसेजची सोय द्या, व्हिडिओला सबटायटल द्या.

शॉर्टकटपासून सावध

'एक विजेट लावा, साइट आपोआप सुगम' अशा जाहिराती तुम्हालाही येत असतील. असाच दावा करणाऱ्या अ‍ॅक्सेसिबी कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. पैसे विजेटवर घालण्यापेक्षा चाचणीच्या मानधनावर घाला.

आपल्याकडेही वारं बदलतंय. केवायसीच्या वेळी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावणं ज्यांना शक्य नाही, अशांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने त्यात म्हटलं.

तर या आठवड्याचा गृहपाठ: टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा, स्वतःच्या दुकानातून एक ऑर्डर द्या. जिथे अडकाल ते पहिलं ठिकाण डेव्हलपरला आजच कळवा. आणि ते दुरुस्त झालं की दोन माणसांना मानधन देऊन बोलवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.