तेल्याच्या कुळाचा शोध

राहुरी तालुक्यात महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. डाळिंबाचे ‘भगवा’ वाण या विद्यापीठाचेच. त्याचा मोठा वैरी तेल्या, म्हणजे झँथोमोनास जिवाणूचा रोग. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ची.

सूक्ष्मदर्शकाखाली या जिवाणूचे सगळे प्रकार सारखेच दिसतात. म्हणून त्यांच्या डीएनएतील ठरावीक जनुकांचे तुकडे पीसीआरने वाढवून अक्षरक्रम वाचतात. ठरावीक जनुकांच्या क्रमांवरून प्रकार ओळखण्याची ही पद्धत १९९८मध्ये मेंदूज्वराच्या जिवाणूसाठी मांडली गेली. दोन बागांतले क्रम जुळले, तर लागणीचा उगम एकच असण्याची शक्यता वाढते. मग कलमे कुठून आली, ते तपासता येते. क्रम वेगळे निघाले, तर उगमही बहुधा वेगळे.

उगम सापडेपर्यंत रोगमुक्त कलमे लावावीत आणि छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी.