परसातली बर्फाची तोफ

१९५० साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, मिलफर्डला, तिघांनी रंग फवारायचा कॉम्प्रेसर, एक नोझल आणि बागेतला पाइप जोडून बर्फ पाडला. वेन पियर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची यांचा धंदा स्की बनवायचा. त्या हिवाळ्यात बर्फानेच दडी मारली, मग स्की घेणार कोण? १९५४ मध्ये पियर्सला पेटंट मिळालं आणि पुढे स्कीच्या डोंगरांवर अवाढव्य यंत्रणा उभ्या राहिल्या. यंत्राचा जन्म मात्र असा घरगुती, आणि अमेरिका-कॅनडातले हौशी लोक ते आजही परसात उभं करतात: गाडी धुवायचा प्रेशर वॉशर, गॅरेजमधला कॉम्प्रेसर, पितळी फिटिंग्ज आणि एक तिवई. पोरांना घसरगाडी खेळण्यापुरता उतार पांढरा झाला की पावलं.

रात्रभर यंत्र चालवूनही सकाळी ढीग जेमतेम दिसतो, तेव्हा बहुतेकांना मोठ्या कॉम्प्रेसरचे डोहाळे लागतात. माझ्या मते तो खर्च चुकीच्या जागी होतो. बारीक थेंब शून्य अंशाला गोठतोच असं नाही, तो बराच खाली जाऊनही पाणीच राहू शकतो. नोझलमधून सुटलेली दाबाची हवा पसरताना एकदम गार होते, सोबतचे थोडे तुषार गोठतात, आणि ते कण मुख्य फवाऱ्यात मिसळले की बाकीचे थेंब त्यांच्याभोवती गोठू लागतात. हवेचं काम एवढंच. कण पुरेसे झाल्यावर जास्तीची हवा नुसतं वीजबिल वाढवते.

बर्फ होतो तो पाण्याचा. विजेवरचा छोटा वॉशर मिनिटाला पाचेक लिटर पाणी देतो, इंजिनवरचा दहाच्या आसपास किंवा जास्त. दहा लिटर धरले तर तासाला ६०० लिटर. यंत्राचा बर्फ दाट, घनमीटरला ४०० ते ५०० किलो भरतो. आठ तासांत साधारण दहा घनमीटर, म्हणजे १०० चौरस मीटरवर दहा सेंटिमीटरचा थर. वाऱ्याने उडालेला आणि वाफ झालेला वेगळा. पंप निम्मा तर थरही निम्मा. नोझलचं भोक मोठं करून हे साधत नाही: अशा वॉशरचा पंप ठरावीकच पाणी ढकलतो, त्यामुळे दाब पडतो, थेंब जाड होतात आणि अंगणात चिखल होतो. पंप मोठा घ्यावा आणि पाणी अनेक बारीक नोझलांत वाटावं.

तरी शेवटचा शब्द हवामानाचा. एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता सोडतं. तासाला ६०० किलो म्हणजे सतत सुमारे ५६ किलोवॉट, आणि ती सगळी भोवतालच्या हवेने उचलायची. हवा कोरडी असेल तर थेंबाचा थोडा भाग वाफ होऊन उरलेल्याला गार करतो. नागपुरात कूलर गारवा देतो आणि मुंबईत घाम काढतो, त्यामागचं कारण हेच. म्हणून जाणकार साधा पारा बघत नाहीत, ओल्या फडक्यातला, म्हणजे वेट-बल्ब पारा बघतात. शून्य अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर तो उणे चारच्या आसपास उतरतो. उणे दोन अंश आणि ९० टक्के असेल तर उणे अडीचच्या फार खाली जात नाही. पहिली रात्र उबदार वाटली तरी बर्फाला तीच चांगली. वेट-बल्ब पारा उणे अडीचच्या वर असेल तर यंत्र सुरू करण्यात अर्थ नाही, आणि पारा जसजसा उतरेल तसतसंच पाणी वाढवावं.

फुकटातले उपायही आहेत. नोझल तीन-चार मीटर उंच चढवलं तर थेंबाला गोठायला वेळ मिळतो. तोंड वाऱ्याच्या दिशेला ठेवावं, नाहीतर उष्णता उचललेली ओली हवा फवाऱ्यातच घुटमळते. नळाचं दहा अंशांचं पाणी आधी उघड्यावर टाकीत निववलं तर आणखी थोडा भार हलका होतो. मग फवाऱ्याखाली कोटाची बाही धरायची: कण उसळून पडले तर पाणी वाढवा, बाही भिजली तर कमी करा. व्यावसायिक यंत्रांवरची माणसंही हीच परीक्षा घेतात.

सुरू करताना आधी हवा, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग हवा, आणि लगेच पाइप रिकामे करा. नाहीतर पाणी पाइपातच गोठतं आणि पुढची थंड रात्र वाया जाते. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर पंप घ्या. कॉम्प्रेसर आहे तोच बहुधा पुरेल.