दोन बोटं कमी : एस्सेलवर्ल्ड, रोलर कोस्टर आणि खाली उभे असलेले बाबा

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. लोकलमध्ये हेडफोन विसरलात तर वाचून घ्या. बोलताना घेतलेले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढून टाकलेत.)

आज मी तुम्हाला एका फळीबद्दल सांगणार आहे. साधी लाकडी फळी, तिच्यावर एक आडवी रेघ आणि रेघेवर लिहिलेलं, 'तुमची उंची एवढी हवी'. रोलर कोस्टरच्या रांगेत उभं राहिल्यावर सगळ्यात आधी ही फळी भेटते. माझी आणि तिची पहिली भेट झाली 1999 च्या मे महिन्यात. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, आणि जागा होती मुंबईतल्या गोराईचं एस्सेलवर्ल्ड.

तुमच्यातल्या जे विशीत आहेत, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे जत्रेतला पाळणा, मेरी-गो-राउंड, मौत का कुआं हे सगळं आधीपासून होतंच. पण जत्रा येते आणि जाते. एका जागी कायम उभं असलेलं, तिकीट काढून दिवसभर आत राहायचं असं पार्क ही आपल्या देशात तशी अलीकडची गोष्ट. दिल्लीचं अप्पू घर 1984 मध्ये सुरू झालं. एस्सेलवर्ल्ड आलं 1989 मध्ये. सुभाष चंद्रांच्या एस्सेल ग्रुपचं ते पार्क, म्हणजे झी टीव्ही सुरू व्हायच्या तीन वर्षं आधीचं. 1998 मध्ये शेजारीच वॉटर किंग्डम आलं. जाहिरातीचं गाणं तर एवढं गाजलेलं, की पार्क न पाहिलेल्या पोरांनाही ते तोंडपाठ होतं.

आम्ही डोंबिवलीचे. आमच्यासाठी गोराई म्हणजे जवळजवळ परदेशच. सकाळी सहाला निघायचं. डोंबिवलीहून दादर, दादरला पूल ओलांडून बोरिवली लोकल, तिथून बसने गोराई खाडीचा धक्का आणि मग बोट! शाळेतली बाकीची पोरं फक्त राइड्सचं सांगायची, बोटीचं कुणी सांगितलंच नव्हतं. दोन्ही बाजूंना तिवरांची झाडं, वाऱ्याबरोबर येणारा सुक्या मासळीचा वास आणि समोर हळूहळू दिसायला लागलेले लोखंडी सांगाडे. आज बोटीतून ग्लोबल पॅगोडाचा मोठा सोनेरी घुमट दिसतो. तेव्हा तो झालेला नव्हता.

आम्ही दोघंच होतो, बाबा आणि मी. ताई लहानपणापासून गाडी लागणाऱ्यांतली, म्हणून आई तिच्याबरोबर घरी थांबली. आत डबा चालत नाही असं शेजारच्या काकूंनी सांगितलेलं, म्हणून पोळी-भाजी आम्ही धक्क्यावरच संपवली.

आधी वाक, मग ताठ हो

आता गंमत ऐका. लहान मुलांचं तिकीट उंचीवर होतं. खिडकीजवळ पोचायच्या आत बाबा हळूच म्हणाले, "जरा गुडघे वाकव." एसटीत, बसमध्ये अर्ध्या तिकिटासाठी आम्ही सगळ्यांनीच हा योगाभ्यास केलाय, खोटं कशाला बोला! मी वाकलो. तिकीट कमी पैशात निघालं. बाबांचं मात्र पूर्ण तिकीट, सगळ्या राइड्स धरून.

आणि अर्ध्या तासाने, हुला लूपच्या रांगेत, तेच बाबा म्हणतात, "ताठ उभा राहा. टाचा उचल थोड्या."

मी ताठ झालो. टाचा उचलल्या. श्वास धरून मान ताणली. तरी डोकं रेघेच्या खालीच. राइडवरच्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवल्या आणि मान हलवली.

"अहो, दोनच बोटं कमी आहे," बाबा म्हणाले.

"साहेब, आतला दांडा दोन बोटं खाली येत नाही."

बाबांनी आणखी एकदा सांगून बघितलं. एवढ्या लांबून आलोय, मुलगा घाबरत नाही, मी शेजारी बसतो. तो माणूस चिडला नाही, पण हललाही नाही. मी रडलो. त्या दिवशी आम्ही खूप काही केलं. टकराव्या गाड्या झाल्या, छोट्या राइड्स झाल्या, गारेगार खाल्लं. पण रात्री बोटीत बसल्यावर माझ्या डोक्यात फक्त ती रेघ होती. बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी येऊ. तोपर्यंत दोन बोटं वाढशील."

पुढच्या वर्षी बाबांची कंपनी बंद पडली. जाणं झालं नाही.

दांडा खाली का येत नाही?

पुढे मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, तेव्हा त्या माणसाचं वाक्य कळलं. आजच्या भागाचा हाच मुख्य मुद्दा आहे, तर नीट ऐका.

रोलर कोस्टरला इंजिन नसतं. म्हणजे नेहमीच्या, साखळीने वर जाणाऱ्या कोस्टरबद्दल बोलतोय मी. सुरुवातीला मोटरवर चालणारी साखळी डब्यांना पकडून चढावर ओढते. माथ्यावर साखळी सोडून देते. त्यापुढे सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. चढताना उंचीच्या रूपात जी ऊर्जा साठली, तीच उतरताना वेग बनते. घर्षणाने ती थोडी थोडी कमी होत जाते. म्हणून पहिला चढ सगळ्यात उंच असतो, पुढचा कुठलाच त्याच्याहून उंच ठेवता येत नाही.

चढताना येणारा 'टक-टक-टक' आवाज आठवतो? अनेकांना वाटतं साखळी जुनी झालीय, आता तुटते! खरं तर तो आवाज आपल्या सुरक्षेचा आहे. रुळाच्या मध्ये करवतीसारखे दाते असतात आणि डब्याखालचा एक लोखंडी खटका प्रत्येक दात्यावरून उडी मारत पुढे जातो. दाते अशा तिरक्या आकाराचे, की खटका पुढे सरकतो, मागे नाही. साखळी तुटली, वीज गेली, तरी डबा मागे घसरत नाही, तिथेच अडकून राहतो. विहिरीच्या रहाटाला किंवा टेम्पोवर सामान आवळायच्या पट्ट्याला असतो ना खटका, तोच प्रकार.

दुसरी गोष्ट चाकांची. डबा रुळावर नुसता ठेवलेला नसतो. चाकांचे तीन संच असतात : वरून चालणारे, बाजूने धरणारे आणि रुळाच्या खालून पकडणारे. खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने 1919 मध्ये घेतलं. त्यामुळे डबा टेकाडावरून उसळला तरी रूळ सोडत नाही.

तिसरी गोष्ट लूपची, म्हणजे उलटं करणाऱ्या वळणाची. मौत का कुआंमधला मोटारसायकलवाला भिंतीवरून का पडत नाही? कारण तो सरळ जायला बघतो आणि भिंत त्याला सतत आत वळवते. वेग पुरेसा असला की भिंतीचा हा दाब त्याला धरून ठेवतो. लूपच्या माथ्यावर तुमच्याबाबतीत तेच होतं, सीट तुम्हाला खालच्या दिशेने दाबत असते. पण जुन्या लोकांनी एक चूक केली. 1895 मध्ये न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाचा कोस्टर आला, त्याचा लूप अगदी गोल होता. गोल लूपमध्ये शिरताना एकदम प्रचंड दाब येतो. साध्या हिशेबाने तुमचं वजन सहापट झाल्यासारखं! लोकांच्या माना दुखावल्या. मग 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कात रेव्होल्यूशन नावाचा कोस्टर आला, त्याचा लूप पाण्याच्या थेंबासारखा : खाली पसरट, वर निमुळता. दाब हळूहळू वाढतो. आता कुठल्याही लूपचा फोटो बघा, तो पूर्ण गोल दिसणार नाही.

आणि पोटात गोळा का येतो? एरवी खुर्ची तुम्हाला खालून वर रेटत असते, आणि पोटातले अवयव एकमेकांवर टेकून असतात. डबा एकदम खाली गेला की हा रेटा जातो आणि आतलं सगळं क्षणभर सैल होतं. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्रही मेंदूला ओरडून सांगतं, 'पडतोय, पडतोय!' मेंदूला फळी, खटका, चाकं काही ठाऊक नसतं. त्याच्यासाठी तुम्ही खरंच पडताय. म्हणून हृदय धडधडतं, हात गार पडतात. आणि म्हणूनच तो दिवस लक्षात राहतो. जोरदार भावनेच्या वेळी घडलेलं मेंदू जास्त पक्कं साठवतो.

आता या सगळ्यात दांडा कुठे येतो? खटका, चाकं, लूपचा आकार, हे सगळं डब्याला सांभाळतं. तुम्हाला डब्यात सांभाळतो तो दांडा. मांड्यांवर आणि कमरेवर तो बरोबर टेकला पाहिजे. तो ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो. लहान मूल बसलं की दांडा आणि शरीर यांच्यात फट राहते, आणि उसळीच्या क्षणी मूल त्या फटीतून निसटू शकतं. शेजारी बसलेल्या बापाने कितीही घट्ट धरलं, तरी त्या वेगात हात पुरत नाहीत. फळीवरची रेघ तुमचं धाडस मोजत नाही. तुमचं अंग त्या दांड्यात बसतं का, एवढंच ती बघते.

थोडक्यात, पार्कवाला तुम्हाला भीती विकतो, धोका नाही. आणि या दोघांच्या मध्ये खटका असतो, चाकं असतात आणि 'नाही' म्हणणारा एक माणूस असतो.

तीच राइड, दुसरी पाटी

2012 मध्ये मी बाबांना घेऊन परत गेलो. नोकरीला लागून काही महिनेच झाले होते. मनात एकच, ती राहिलेली राइड दोघांनी मिळून करायची. बोट तीच, तिवरं तीच. फळीजवळून मी मुद्दाम ताठ चालत गेलो. बाबा हसले.

फळीशेजारी आणखी एक पाटी होती. लहानपणी मी ती वाचलीच नव्हती. हृदयविकार, रक्तदाब, पाठीचा त्रास असणाऱ्यांनी बसू नये. राइडवरच्या मुलाने विचारलं, "काका, बीपी वगैरे काही?"

दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती. मला वाटलं, आता म्हणतील, काही नाही रे. गुडघे वाकवायला सांगणारा माणूस तो! पण ते सरळ म्हणाले, "स्टेंट आहे."

"मग नको, काका."

आणि मी, डिप्लोमा केलेला, सगळा हिशेब ठाऊक असलेला मी, त्या मुलाशी वाद घालायला लागलो. डॉक्टरांनी सगळं चालेल म्हणून सांगितलंय, एकदाच तर बसायचंय. शब्द वेगळे, पण चाल तीच, 1999 ची. बाबांनी माझ्या हातातली बॅग घेतली. "तू जा. मी आहे इथेच."

मी बसलो. दांडा मांड्यांवर बरोबर टेकला. टक-टक-टक करत वर गेलो. माथ्यावरून खाली बघितलं तर कठड्याला टेकून बाबा उभे, दोन्ही खांद्यांना बॅगा, मान वर. मग डबा सुटला आणि पुढचं काही दिसलं नाही.

परतताना बोटीत विचारलं, "खोटं का नाही बोललात? एरवी बोलता की!"

म्हणाले, "तिकिटाला खोटं बोललं तर चार पैसे वाचतात. इथे काय वाचणार होतं?"

2022 मध्ये एस्सेलवर्ल्ड लोकांसाठी बंद झाल्याची बातमी आली. वॉटर किंग्डम चालू राहिलं. आमच्या शाळेच्या ग्रुपवर दिवसभर जुने फोटो, रोलवर काढलेले, कडा पिवळ्या पडलेले. मी ती बातमी बाबांना वाचून दाखवली. आमची एकत्र राइड आता राहिली ती राहिलीच. सहज म्हणालो, "पहिल्या वेळी तुम्ही तरी बसून यायचं होतं. पूर्ण तिकीट काढलं होतं, तब्येत चांगली होती."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की हे काय विचारणं झालं! "आणि तू? त्या गर्दीत तू कुणाजवळ उभा राहणार होतास?"

तेवीस वर्षं मी तो दिवस मला अडवल्याचा दिवस म्हणून सांगत होतो. त्या दिवशी बाबांनीही एक राइड सोडली होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पूर्ण तिकीट काढून त्यांनी दिवसभर माझ्या उंचीच्याच राइड्स केल्या.

तर मंडळी, या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिकाला जाल किंवा गावच्या जत्रेतल्या पाळण्यात बसाल, तेव्हा तीन गोष्टी करा. पाट्या सगळ्या वाचा, आणि बीपीचं खरं सांगा. दांडा मांडीवर टेकला का हे स्वतः ओढून बघा. आणि वर पोचलात की डबा सुटायच्या आधी एकदा खाली बघा, बॅगा धरून कोण उभं आहे ते.

घरी विचारा त्यांना, कधी कुठली राइड राहून गेली का. उत्तर मिळालं तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. बाबांनाही ऐकवेन. ते हा भाग ऐकतायत आत्ता, आणि मला माहितीय, म्हणत असतील, "गुडघ्यांचं कशाला सांगितलंस?"

भेटू पुढच्या भागात!