सुट्या पानांचा माग

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आजही टिकून आहे. इथली पोथी बांधलेली नसते. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, अशा सुट्या पानांचा तो गठ्ठा. कथेकरी वीणेच्या साथीनं गात एकेक पान समोर धरतो. ही सुटी पानंच पुढे घात करतात. गठ्ठा फुटला, की पानं एकेक करून विकली जातात, आणि आज ती ऑनलाइन लिलावांत दिसतात.

एका पोथीची किती पानं उरली, हे मोजण्यापेक्षा छापील पुस्तकाच्या प्रती मोजणं सोपं. आवृत्ती एक, प्रती अनेक. इथे पोथी एकच, हातानं रंगवलेली. विखुरलेल्या पानांचा शोध घेताना ‘पैठण चित्रं’ हे नावही टाकून पाहावं. पैठण भागात मिळालेल्या अशा चित्रांना ते चिकटलं आणि पिंगुळीच्या पानांनाही लावलं जातं. विक्रेता बहुधा पुढचीच बाजू दाखवतो. पाठीचा फोटो मागावा, कारण तिथे कथेतला शेजारचा प्रसंग असू शकतो. मग माप, किनार, हातांची धाटणी आणि डागही जुळवायचे. पाण्याचा एकच डाग दोन पानांवर त्याच जागी उमटला असेल, तर ती कधीतरी एकमेकांवर पडून होती. डाग खोटं बोलत नाही. विक्रेत्याचं वर्णन बोलू शकतं. पाच वर्षांनी पुन्हा लिलावात आलेलं पान मात्र नवं म्हणून मोजू नये.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली चित्रं तुलनेला उपयोगी. शंभर वर्षांहून जुनं चित्र 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. ते खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही.